सिकलसेलचा तास आणि तुमचा भूल-सुधार

नाना, तुमच्या जाण्याची बातमी धारच्या पेपरात आली तेव्हा तिच्यात तीन चुका होत्या. वय दोन वर्षांनी कमी, हुद्दा एका पायरीनं वर, आणि ‘धर्मपरायण’ हा शब्द कुठून आला ते त्या वार्ताहरालाच ठाऊक. मी कात्रण वहिनींपुढे धरलं. पाच दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “विनूभाऊजी, हे असते तर आत्तापर्यंत त्या संपादकाकडे दोनदा जाऊन आले असते.” मग डोळे पुसले आणि विचारलं, चहा ठेवू का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तुमच्याबद्दलची आणखी एक चूक मला ठाऊक आहे. ती पेपरातली नाही, आपल्या वर्गाच्या मासिक पुस्तिकेतली आहे. ती माझी आहे आणि तुमच्या नावावर छापलेली आहे. हे सगळं लिहितोय ते त्यासाठी.

थकलोय, नाना. माझ्यासारख्या माणसानं हे लिहावं म्हणजे कमालच. लग्नाच्या पंगतीत मी बोलायला लागलो की वाढपी थांबतात असं तुम्हीच म्हणायचात. पण आता सकाळी बसअड्ड्यामागचा तो जिना चढतो, पहिल्या मजल्यावरचं आपल्या वर्गाचं कुलूप काढतो, आणि फळ्याकडे बघून वाटतं, आज यानंच शिकवावं. चाळीसेक मुलं-मुली येतात. कुणाला कलेक्टर व्हायचंय, कुणाला नायब तहसीलदार झालं तरी घरचे पेढे वाटतील. दर महिन्याला योजनांची नावं बदलतात, मंत्रालयं बदलतात. मुलं तीच राहतात, फक्त त्यांची परीक्षेची खेप वाढलेली असते. राज्यकारभाराच्या चालू घडामोडी माझ्या आणि विज्ञान-आरोग्याच्या तुमच्या, अशी आपली वाटणी होती. आता दोन्ही माझ्याकडे. उपग्रहही मीच सोडतो आणि लसही मीच टोचतो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. धारच्या सरकारी रक्त-लघवी तपासणीच्या खोलीतून निवृत्त झालेला, खिशाला चार पेनं लावलेला माणूस. मला विज्ञानाला शिक्षक हवा होता, म्हणून मुलाखत मी घेणार होतो. खुर्चीत बसायच्या आत तुम्हीच मला विचारलंत, “लस आणि औषध यांत फरक काय? माझ्या आईला सांगतोयस असं सांग.” मी लगेच उभा राहिलो. शत्रू आला, तटावरचे पहारेकरी, तोफा, सगळं करून दाखवलं. तुम्ही शांतपणे बघितलंत. “अभिनय छान,” म्हणालात. “उत्तर अर्धं.”

त्यानंतर आठ वर्षं दर गुरुवारी सकाळी धारहून निघून, इंदूरला बस बदलून, अकराच्या सुमाराला तुम्ही देवासला उतरत होतात. बगलेत पेपरांचा गठ्ठा. कंडक्टर तुम्हाला ओळखायचे. “भिया, खिड़की लगा दो, मेरा स्वास्थ्य मंत्रालय उड़ रहा है,” असं तुम्ही एकदा ओरडलात आणि सगळी बस हसली, हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. गुरुवारचा मुक्काम आमच्याकडे, शुक्रवारी तास घेऊन परत. आमच्या घरी तुमची वेगळी उशी होती. अजून आहे.

आणि आपलं ते भांडण! लाल खडूचं. आपल्या वर्गाची रीतच होती की प्रत्येक घडामोड शिकवून झाली की फळ्यावर लाल खडूनं तिची एक ओळ लिहायची. मुलं ती छोट्या डायरीत उतरवून घेतात, बसमध्ये पाठ करतात आणि परीक्षेला जाताना तेवढीच नेतात. ही रीत माझी. तिचा मला काय गर्व होता! संसदेचं अख्खं अधिवेशन मी एका ओळीत बसवायचो. एकदा मी राज्यपाल झालो होतो, डस्टर म्हणजे विधेयक. डस्टर परत विधानसभेकडे फेकला, विधानसभेनं पुन्हा माझ्याकडे फेकला, मी कपाळाला हात लावून सही केली. टाळ्या. लाल खडूनं लिहिलं, ‘राज्यपाल एक बार लौटाए, दूसरी बार हस्ताक्षर.’ मागच्या बाकावरून तुमचा आवाज आला.

“विनू, आणि राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं तर?”

“नाना, ओळीत मावत नाही.”

“मग दुसरी ओळ लिही. खडू महाग झालाय का?”

मुलं हसली. मी वाकून तुम्हाला मुजरा केला आणि दुसरी ओळ लिहिली नाही. “परीक्षेत एकाच ओळीला मार्क असतात,” असं मी म्हणायचो. “परीक्षेनंतर ही पोरं खुर्चीवर बसणार आहेत,” असं तुम्ही म्हणायचात. हे भांडण कधीच मिटलं नाही. मिटावं असं आपल्यापैकी कुणाला वाटतही नव्हतं. त्यावर आपला शुक्रवारचा चहा जायचा.

मग गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आला. तुम्हाला तपासण्यांसाठी इंदूरला दाखल केलं होतं आणि तुमचा सिकलसेलचा तास माझ्यावर आला. विषय ताजा होता, सरकारची निर्मूलन मोहीम चाललेली, आपल्या धार-झाबुआकडच्या पट्ट्यात गावोगाव तपासण्या, तपासलेल्या प्रत्येकाला कार्ड. परीक्षेत प्रश्न येणार हे नक्की. तुम्ही इस्पितळातल्या खाटेवर बसून टिपण लिहिलंत आणि बसच्या कंडक्टरबरोबर पाकीट पाठवलंत. मी ते देवासच्या बसअड्ड्यावर घेतलं, चहाच्या टपरीपाशी उघडलं आणि पहिली ओळ वाचली. तुमच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वाहक स्वतः रोगी नसतो, पण त्याच्यातला दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो.’ तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली, कसलातरी विनोद झाला, आणि मी कागद घडी करून खिशात ठेवला. पहिली ओळ कळली होती. मला तेवढी पुष्कळ वाटली.

नाना, त्या दिवशी मी काय रंगलो होतो! बसअड्ड्याबाहेर गवत विकणाऱ्या बाईकडून मी खरा विळा मागून आणला. या रोगात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, ते मला दाखवायचं होतं. विळा उंच धरून मी गरजलो, “यह हँसिया एक बार घर में घुसा, तो पीढ़ी-दर-पीढ़ी काटेगा!” पहिल्या बाकावरची मुलं दचकून मागे सरकली. टाळ्या पडल्या. आणि मग लाल खडूनं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट ओळ लिहिली. ‘एक वाहक, पूरा वंश रोगी.’ काय ठसका होता त्या ओळीला! चाळीस डायऱ्यांत ती एका दमात उतरली.

तिसऱ्या बाकावर धरमपुरीची रेखा बसली होती. तुमची लाडकी विद्यार्थिनी, कमी बोलणारी, उत्तरपत्रिकेत समास सोडणारी. तिच्या बॅगेत कॉलेजच्या शिबिरात मिळालेलं कार्ड होतं आणि त्यावर लिहिलं होतं, वाहक. हे मला ठाऊक नव्हतं. मनावर गावच्या शाळेत शिकवणाऱ्या एका मुलाशी तिचं जवळजवळ ठरत आलं होतं, दोघांनाही ते हवं होतं, आणि त्याच्या कार्डावर काहीही दोष नव्हता. हेही मला ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये ती वर्ग सोडून घरी गेली. मला वाटलं, घरी बसून अभ्यास करणार असेल. पुष्कळ मुली जातात.

तुम्ही बरे होऊन आलात आणि जूनमध्ये टपालानं आलेल्या सरावाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलात. तिनंही पाठवली होती. प्रश्न सिकलसेल मोहिमेवर होता. तिनं शेवटी उपाय म्हणून लिहिलं होतं की वाहक व्यक्तीनं विवाह टाळावा. आणि पुढे एक वाक्य, ‘मैंने स्वयं यही निर्णय लिया है।’

तुम्ही त्यातल्या ‘मैंने’भोवती लाल गोल काढला. हजार उत्तरपत्रिका तपासल्या असतील आपण, परीक्षेच्या उत्तरात कुणी ‘मैंने’ लिहीत नाही. मी ती उत्तरपत्रिका पाहिली असती तर शैलीचा अर्धा मार्क कापला असता. तुम्ही धरमपुरीला फोन लावलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला टेकडीवर नेलंत. देवीच्या दर्शनाला म्हणून, आणि निम्म्या पायऱ्यांवरच धाप लागली म्हणून बसलात. खाली कारखान्यांची छपरं उन्हात चमकत होती.

“सिकलसेल कुणी शिकवलं त्यांना?”

“मी. तुम्ही इस्पितळात होतात ना.”

“माझं टिपण वाचलं होतंस?”

“म्हणजे काय! वाचलं होतं.”

“पूर्ण?”

मी छपरांकडे बघत राहिलो. तुम्ही म्हणालात, “विनू, तू खोटं बोलतोस तेव्हा तुझे हात हलत नाहीत.”

मग तुम्ही मला दुसरी ओळ तोंडी सांगितलीत, लहान मुलाला सांगावी तशी. एकच जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर मूल वाहक होऊ शकतं, पण रोगी नाही. दोघेही वाहक असतील तरच धोका, आणि तोही प्रत्येक खेपेला चारात एक. म्हणून तर दोघांची कार्डं जुळवून बघायची. ती मोहीम, ती कार्डं सगळी त्यासाठीच. लग्न मोडायला नाही, लग्नाआधी बघायला.

“ती आणि तो मुलगा, त्यांना काहीच अडचण नव्हती,” तुम्ही म्हणालात. “आता आखातीजला, अक्षय तृतीयेला, त्याचं लग्न झालं दुसरीकडे.”

“तिला सांगितलंत?”

“शास्त्र सांगितलं. तिनं विचारलं, फिर क्लास में ऐसा क्यों बताया? मी म्हटलं, टिपण माझं होतं.”

“नाना! असं का सांगितलंत?”

“कारण ती मला विचारत होती आणि तू तिथं नव्हतास. तुझ्या पाठीमागे मी तुझी चुगली करू? तू जा आणि सांग. धरमपुरी काही काशीला नाही.”

मी म्हटलं, जाईन. अगदी नक्की. त्या क्षणी मला खरंच जायचं होतं.

महिनाअखेरीला पुस्तिका छापायला निघाली. तुम्ही शेवटच्या पानावर ‘भूल-सुधार’ म्हणून चूकदुरुस्ती घातली होती. बरोबर माहिती, नीट दोन ओळींत, आणि खाली, ‘त्रुटि मेरी टिप्पणी की थी’, आणि तुमचं नाव. मी म्हटलं, हे बरोबर नाही. तुम्ही चार पेनांपैकी एक काढून माझ्यापुढे ठेवलंत. “खोड. तुझं नाव लिही.” नव्या तुकडीचे प्रवेश चालू होते. बाहेर पालक बसले होते. मुलं माझ्या नावावर येतात हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पेनाकडे बघितलं आणि म्हटलं, “नाना, चहा सांगू?”

तुम्ही पेन परत खिशाला लावलंत. पुस्तिका छापून आली.

त्यानंतर तुम्ही मला तीनदा विचारलंत. एकदा पावसाळ्यात, “गेलास का धरमपुरीला?” मी म्हटलं, नर्मदेला पूर आहे. एकदा गणपतीत. मी म्हटलं, वर्ग आहेत. दिवाळीनंतर तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा तुमचा आवाज बारीक झाला होता, आणि मी आवाज तुटत असल्याचं सोंग केलं. “हॅलो? हॅलो? नाना, ऐकू येत नाहीये.” तुम्हाला ते सोंग ओळखू आलं असणार. माझी सगळी सोंगं तुम्हाला ओळखू यायची.

इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंच नाहीत. मी नवी पुस्तिका आणली होती. तुम्ही चष्मा लावून ती चाळलीत, एका रोगजंतूच्या नावापाशी बोट ठेवलंत, ‘वेलांटी’ म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी नर्सला हसवत होतो. डॉक्टरच्या चालीची नक्कल करत होतो. खाटेच्या कडेला दोन तास होतो आणि मला सांगायचं होतं त्यातलं एक अक्षर मी बोललो नाही. जाताना तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही म्हणालात, “बस जपून पकड.”

तुमची शोकसभा आम्ही वर्गातच केली. फोटो टेबलावर, हार, मुलं ओळीनं बसलेली. मी बोललो. चांगलं बोललो, नाना, सगळे रडले. मला बोलता येतंच. मुलं निघाली तेव्हा मी जुन्या तुकडीतल्या माणकला सहज विचारलं, रेखाला कळवलं का रे?

“कळवलं सर. वो बोली, नहीं आऊँगी.”

“का?”

तो चाचरला. “बोली, जिनकी नोट्स से मेरा रिश्ता टूटा, उनकी फोटो पर फूल नहीं चढ़ाऊँगी. माफ करना सर, उसने ऐसा ही बोला.”

त्या फोटोत तुम्ही जरासे हसत आहात. वहिनींनी निवडलेला फोटो आहे. मी तो टेबलावरून उचलला आणि कुठे ठेवावा ते मला कळेना. मी तो धरून तसाच उभा राहिलो. माणक म्हणाला, “सर, बैठ जाओ.”

तेराव्यानंतर मी तुमचं टिपण शोधलं. त्या दिवशीच्या कोटाच्या खिशात होतं, त्याच घडीत. टपरीवरच्या चहाचा डाग होता. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ होती, तिच्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या आणि कंसात लिहिलं होतं: ‘विनू, ही जरूर लिही.’

मी धरमपुरीला गेलो. इंदूरला बस बदलली, धामनोदला बदलली. घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत घर सापडलं. रेखाची आई ओट्यावर मटार सोलत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. “अरे, नाटकवाले सर!” तिनं आत हाक मारली. “रेखा, तेरे नाटकवाले सर आए हैं!” नाना, त्या माउलीनं माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला वाटलं, परत जावं.

रेखा बाहेर आली. बारीक झाली आहे. मुख्य परीक्षेची तयारी करते आणि शेजारच्या मुलींची शिकवणी घेते. तिनं नमस्कार केला, पण बसली नाही.

“सर, शोकसभा की बात है तो मुझे कुछ नहीं कहना.”

“तुझ्याशी मला बोलायचंय,” मी म्हटलं, आणि चुकून मराठीत बोललो. मग हिंदीत म्हटलं. आईला वाटलं मी काहीतरी गंमत सांगणार, ती मटाराचं ताट घेऊन जवळ सरकली. मी कागद काढला आणि रेखाला दिला.

“यह नाना की टिप्पणी है. उसी दिन की. मराठी में है.”

“समझ में आ जाएगी,” ती म्हणाली. आणि वाचायला लागली. ओठ हलत होते. पहिली ओळ वाचून झाली. मग दुसरी. ती वाचून झाल्यावर तिनं दुसरीच पुन्हा वाचली. कंसातलं वाचलं.

“यह तो सही लिखा है.”

“हाँ.”

“सर ने तो कहा था, नोट्स में गलती थी. किताब में भी छपा था.”

“उन्होंने झूठ लिखा था. मेरे लिए.” माझे हात मांडीवर होते आणि हलत नव्हते. या वेळी मी खरं बोलत होतो तरी. “मैंने आधा पढ़ा था, रेखा. चाय पी रहा था. हँसिया लाने की जल्दी थी.”

तिच्या आईचं सोलणं थांबलं. तिला किती कळलं ते माहीत नाही, पण विळ्याचा तास घरी येऊन रेखानं सांगितला असणार, कारण आई माझ्याकडे बघेनाशी झाली.

रेखानं कंसातल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मैंने फोन पर उनको बहुत बुरा बोला था, सर. बहुत ही बुरा. वो सुनते रहे. बोले, तू बोल ले बेटा. उसके बाद मैंने उनका फोन उठाना बंद कर दिया.” तिनं कागदाची घडी घातली, माझ्याकडे परत दिला नाही. “आप छह-सात महीने चुप रहे.”

“हाँ.”

“उनके मरने तक.”

“हाँ, रेखा.”

मी माफी मागितली. साधी, जशी मागतात तशी. तिनं ती घेतली नाही, फेकलीही नाही. म्हणाली, “माफी मुझसे मत माँगो सर. मेरा जो होना था हो गया. आपने क्लास में बोला था न? चालीस लोगों के सामने? तो क्लास में ही बोलो. और वैसे मत बोलना जैसे आप बोलते हो.”

“म्हणजे?”

“सीधे खड़े होकर.”

निघताना तिनं विचारलं की धारला नानांच्या घरी कोण असतं. मी वहिनींचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तिनं तो लिहून घेतला.

काल सकाळी मी वर्गात सांगितलं. नव्या तुकडीबरोबर त्या दिवशीच्या जुन्या मुलांनाही माणककडून निरोप धाडून बोलावून घेतलं. माणूस म्हणून उभं राहायची सवय गेली आहे माझी, पहिली दोन मिनिटं हात कुठं ठेवावेत ते कळेना. मी म्हटलं, फेब्रुवारीत मी तुम्हाला जे शिकवलं ते चुकीचं होतं. नानांनी बरोबर लिहून पाठवलं होतं, मी पूर्ण वाचलं नाही. भूल-सुधारातली चूक त्यांची नव्हती, माझी होती. मग शास्त्र सांगितलं, सावकाश, दोन्ही ओळी पांढऱ्या खडूनं लिहून. कुणी हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्यांदाच माझ्या तासाला पंख्याचा आवाज ऐकला.

मग मी विचारलं, ती जुनी ओळ कुणी घरी जाऊन सांगितली आहे का?

मी विचारलं ते आपलं रीत म्हणून. माझ्या हिशोबी एकच मुलगी होती, धरमपुरीची, आणि तिला मी सांगून आलो होतो.

तीन हात वर झाले, नाना. पुस्तिकेचं शेवटचं पान या तिघांनी वाचलंच नव्हतं, त्यांच्याकडे डायरीतली ओळ होती.

एक मीना, बाग गावची. तिच्या थोरल्या बहिणीचं कार्ड वाहकाचं आहे. मीनानं डायरी उघडून सगळ्या घराला ती ओळ वाचून दाखवली होती, आणि बहिणीनं पाहुण्यांसमोर यायचंच बंद केलं आहे. दुसरा कुक्षी गावचा, त्याची वहिनी वाहक आहे, घरात तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत आता. या रोगाचा पाण्याशी काय संबंध हे मी त्याला विचारलं, तर म्हणाला, “सर, आपने हँसिया दिखाया था, तो सब डर गए.” आणि तिसरा हात देवासच्याच एका मुलीचा. ती तशीच, हात तेवढा वर ठेवून बसली होती. तास संपल्यावर सगळे गेले तेव्हा तिनं आपलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. तिच्याशी एकटीशी तासभर बोललो. तिच्या काही प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत. मी तसं सांगितलं. तिला घेऊन परवा सरकारी इस्पितळातल्या समुपदेशक बाईंकडे जायचं आहे.

तुम्ही असतात तर त्या प्रश्नांसाठी मीच येऊन तुम्हाला उठवलं असतं. तुम्ही नाही आहात, म्हणून मी तुमच्या जुन्या वह्या वहिनींकडून मागून घेतल्या आहेत आणि रोज सकाळी एक पान वाचतो. पूर्ण. वहिनींनी सांगितलं, धरमपुरीची एक मुलगी येऊन गेली, फुलं घेऊन आली होती, जेवून गेली. काय बोलली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हे मी बसमध्ये लिहितोय. मीनाचं गाव, बाग, लांब आहे. मीना पुढच्या सीटवर खिडकीला डोकं लावून झोपली आहे. बहिणीला आधी बघून गेलेला मुलगा अजून उत्तरासाठी थांबलाय, असं ती म्हणते. घरी पोचलो की तिची आई चहा विचारेल, बाहेरचे चार लोक जमतील, नाटकवाले सर आले म्हणून. मी आधी दोघांची कार्डं मागणार आहे. ती नीट बघून होईपर्यंत मी कुणाशी काही बोलणार नाही.